उजेड पाडणारी

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला वर्गावर होते. तास पुरा केला. रडू आलं ते नंतर, जिन्यात... आणि ते खरं होतं, हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणाला वाटेल, हिला दुःख झालंच नाही.

लातूरच्या कॉलेजात मी सरांच्या हाताखाली कोळ्यांवर काम करायचे. कोळी म्हणजे वांग्याच्या पानामागे जाळं विणणारे, टाचणीच्या टोकाएवढे जीव. रात्र लांबली की थंडी आली असं समजून त्यांच्या माद्या नारंगी होतात, अंडी घालणं थांबवतात आणि झोपी जातात. पण त्या लांब रात्रीत मध्येच जरासा पांढरा किंवा निळा उजेड पडला तरी रात्र मोडते, झोप लागत नाही. लाल उजेड मात्र त्यांना अंधारासारखाच. म्हणून आमच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा होता आणि दुसरा उजेड आत न्यायचा नाही, असा सरांचाच दंडक होता. पानं बाहेर आणली की ते म्हणायचे, "तूच बघ कोणती नारंगी झाली ते. तुझी नजर चांगली हाय." मी हरखून जायचे. बाकीचे सर मुलींना कपबशा विसळायला लावायचे आणि हे सगळा भार माझ्या नजरेवर टाकून निवांत!

मग एका हिवाळ्यात कोळी झोपेचनात. सगळी मेहनत पाण्यात गेली. मोठ्या साहेबांपुढे सर शांतपणे म्हणाले, हिनंच आत मोबाईलचा दिवा लावला असणार. मी नाही म्हटलं. सर टेबलाकडे बघत राहिले. माझं काम सुटलं आणि कॉलेजात नाव पडलं, 'उजेड पाडणारी'. पुढेपुढे तर मलाच वाटायला लागलं, लावला असेल आपण विसरून... इतका माझा त्यांच्यावर विश्वास.

परवा सरांच्या घरी काकूंना भेटायला लातूरला गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, यांना कधी बाजाराला धाडलं नाही, कच्चे टमाटे घेऊन यायचे. "लाल-हिरवं कळतच न्हवतं ह्यांना, पोरी. ती तुमची लाल बत्ती तर विझल्यावाणी दिसायची. तू काम सोडलंस त्या थंडीत नवा मोबाईल घेतला, मग त्याचा दिवा लावूनच आत जायचे. नोकरीवर येईल म्हणून कुणाला बोलले न्हाईत. तुला ठाव असंलच की."

मी हो म्हटलं. त्या माउलीला दुसरं काय सांगणार?

निघताना कॉलेजवरून गेले. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. दारावर सरांच्या अक्षरातली पाटी अजून आहे, 'मोबाईल आत नेऊ नये'. मी सुटल्यावर त्यांनीच रंगवून लावलेली. अक्षरं हिरवी आहेत. त्यांनी ती लाल समजूनच काढली असतील. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती वाचली आणि मला हसले.

सर, एकदा सांगायचं होतंत. मी कुणाजवळ बोलले नसते. तुमचे डोळे तर मी झालेच होते... माझं नाव कशाला घेतलंत?