ऑक्टोबरला बसावं की नाही

मॅट्रिकला मी एकट्या सायन्समध्ये नापास झालो, तेही पारडं झुकलं म्हणून. हे मी आजही भांडून सांगतो.

माझी माय पिंपळगाव राजाच्या बाजारात भाजी विकायची आणि शाळा सांभाळून मी तिच्या तराजूवर बसायचो. भाजीचं पारडं जरा खाली गेल्याशिवाय आमच्याकडे तोलणं पुरं होत नाही. काटा सरळ ठेवला तर गिऱ्हाईक तोंडावर चिकट म्हणतं. प्रॅक्टिकलला काचेच्या पेटीतला तराजू पुढे आला, सोबत पितळेचा गोळा. सवयीनं गोळ्याचं पारडं थोडं खालीच राहू दिलं आणि आकडा लिहिला. बाहेरगावचे परीक्षक वाकून बघत म्हणाले, "हा काय भाजीबाजार आहे?"

"बाजारात माणूस खूश होऊन जातो, सर," मी म्हणालो. त्यांनी पुढचा प्रयोग मला करूच दिला नाही.

बाकीच्या विषयांत सूट मिळाली. सायन्स तेवढं ऑक्टोबरला दिलं की कॉलेजात नाव घालता येणार होतं. नाही दिलं तर जन्मभर भाजीच तोलायची. पण मी हटून बसलो. आधी त्या माणसानं चूक कबूल करावी, असं बाजारभर सांगत फिरलो.

शेजारची मिरचीवाली काकू म्हणाली, "काऊन रे, ते साहेब तुह्या पाया पडाले पिंपळगावले येतीन का?"

माय मात्र चिडली नाही. तिनं सौदा सुरू केला.

"ऑक्टोबरपावतर तराजूले हात लावू नको. नुसता अभ्यास कर."

"नाही."

"मळ्यातून भाजीही मीच आणीन."

"नाही."

"बरं, मामाकडे खामगावले जाय. तिथं लाइट हाय."

इथं मी मनातून हललो होतो. तरी ताणून धरलं. "आणि त्या परीक्षकाचं काय?"

ती गोणपाट झटकून उठली. "राहू दे. नको देऊ." पालकाच्या जुड्या घेऊन विहिरीकडे चालू लागली.

पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक खरंच चाललं की नुसतं दाखवतंय, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. तिच्या चालीवरून काही कळेना. ती थकल्यासारखी दिसत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"माय! थांब वो. जातो मामाकडे. देतो परीक्षा."

ती थांबली, पण परतली नाही. तिथूनच भर बाजारात ओरडली, "आन् तेच साहेब आले, तर आधी नमस्कार करजो!"

सौदा पटल्यावर एवढी अट वाढवणारं माणूस मी पुढे खामगावच्या कापूसबाजारातही पाहिलं नाही. काकू तोंडाला पदर लावून हसत होती.

"करीन!" मी दात आवळून ओरडलो.