सगळ्या खाटांना अठरा

मिनिटबाईंना घरी बसवून आज अकरा दिवस झाले आणि माझा राग तसूभरही उतरलेला नाही. निम्मा राग दवाखान्यावर आहे. उरलेला माझ्यावर.

मिनिटबाई म्हणजे आमच्या बायकांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. हे नाव आम्हीच पाडलं, अर्थात पाठीमागे. पेशंटचे श्वास मोजताना त्या घड्याळ डोळ्यांसमोर धरून पूर्ण एक मिनिट उभ्या राहायच्या. आपले श्वास मोजताहेत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून मनगटावर हात ठेवून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं मिनिट कधी पन्नास सेकंदांचं झालं नाही. आणि आम्ही बाकीच्या? ताप आणि रक्तदाब बघायचो, कारण त्याला यंत्र आहे. श्वासाच्या रकान्यात अठरा लिहून मोकळ्या. अठरा हा निरोगी माणसाचा आकडा, तो कुणाला खटकत नाही. बत्तीस खाटा, बत्तीस वेळा अठरा. अशा पाट्या टाकत मी बारा वर्षं काढली.

नर्सची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी अभ्यासाचे ठरावीक तास पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं. नवी औषधं, नवे आजार, जुन्या चुका. कल्पना उत्तम आहे, तिच्यावर माझा राग नाही. आमच्याकडे हे शिक्षण संगणकावर असतं. व्हिडिओ बघायचा, शेवटी प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. ड्युटीत त्यासाठी वेळ मिळणार नाही, हे प्रशिक्षणवाल्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. मग करायचं कधी, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "इच्छा असली की वेळ निघतो." बत्तीस खाटांना आम्ही तिघी. त्यांनी एकदा आमच्याबरोबर आठ तास उभं राहून ही इच्छा कुठून निघते ते दाखवावं.

तेव्हा आम्ही आमची वाट काढली. ड्रेसिंगच्या ट्रॉलीशेजारच्या ड्रॉवरमध्ये एक वही असायची. तिच्यात वॉर्डातल्या अकरा जणींचे पासवर्ड. दुपारी भेटायला आलेले नातेवाईक गेले की मी संगणकाचा आवाज बंद करून एकेकीचे व्हिडिओ चालू करायची आणि तिकडे ताप बघायला जायची. परत येऊन चिठ्ठीवरून उत्तरं भरायची. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझा हात झपाझप चालतो. साहेबांना माहीत नव्हतं म्हणता? एकाच संगणकावर एकाच दुपारी अकरा नर्स पास होतात हे ज्याला दिसत नाही, त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. त्यांना दिसायचा तो फक्त दारावरचा फलक: आमच्या शंभर टक्के परिचारिका प्रशिक्षित आहेत.

मिनिटबाईंनी वहीत पासवर्ड लिहिला नाही. त्या सुट्टीच्या दिवशी यायच्या, त्याच खुर्चीत बसून व्हिडिओ बघायच्या, मागे नेऊन पुन्हा बघायच्या आणि शाळकरी मुलीसारख्या लिहून घ्यायच्या. आम्ही हसायचो. पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे दर सुट्टीला येणं जमायचं नाही. नोंदणीची मुदत संपायला आठवडा उरला आणि त्यांचे बारा तास बाकी होते. तास नाहीत तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खाटेला हात लावायचा नाही.

माझ्याच्याने बघवेना. घाईत घरी जाताना त्यांनी आपली स्क्रीन उघडीच ठेवली होती. मी एका दुपारी व्हिडिओ शेवटापर्यंत पळवत बाराच्या बारा तास भरून टाकले आणि प्रमाणपत्र त्यांच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"तुमचे तास, सिस्टर. झाले पूर्ण. आता निवांत राहा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. विषय होता सेप्सिस, म्हणजे जंतू अंगभर भिनतात तो आजार, आणि तो लवकर कसा ओळखावा.

"मग कसा ओळखायचा गं लवकर?"

मला सांगता येईना. हे प्रमाणपत्र मी बारा जणींना मिळवून दिलं होतं आणि मला एक ओळ आठवत नव्हती.

त्यांनी कागदाची घडी घातली. "मी शिकत होते तेव्हा माझे वडील दवाखान्यात होते," त्या म्हणाल्या. "दुपारी साडेतीनला गेले. त्यांचा तक्ता मी नंतर पाहिला. चार वाजताच्या रकान्यात अठरा श्वास लिहिले होते."

खरं सांगते, तेव्हा मला त्यांचाच राग आला. मदत करायला जावं तर वर ऐकून घ्यायचं. मी तोंड फिरवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयात अर्ज दिला: माझ्या नावावरचे बारा तास मी केलेले नाहीत, ते रद्द करावेत. साहेब तडकले. "मग केले कुणी?" बाई म्हणाल्या, "माझे नाहीत एवढं मी सांगते. बाकीचं तुम्ही शोधा." शोधलं असतं तर दारावरचा फलक उतरवावा लागला असता. त्यापेक्षा तास अपुरे म्हणून बाईंना घरी बसवणं सोपं होतं. मी दाराबाहेर चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होते. सगळं ऐकलं आणि मूग गिळून बसले.

आज दुपारी सात नंबरच्या आजींची मुलगी म्हणाली, "सिस्टर, आई जेवली नाही. उगाच गुंगीत आहे." तीन दिवसांपूर्वी आजींचं ऑपरेशन झालेलं. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. तक्ता उचलला. श्वास अठरा, अठरा, अठरा, अठरा. त्यातले दोन माझ्या अक्षरात. का कोण जाणे, मी मनगटावर हात ठेवला, घड्याळ वर धरलं आणि उभी राहिले. मिनिट फार मोठं असतं. तीस. पुन्हा मोजले. एकतीस.

डॉक्टर धावत आले. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं, औषध सुरू झालं. सेप्सिसच होता. आजी आता सावरताहेत. जाताना डॉक्टर मला म्हणाले, "बरं झालं, लवकर कळवलंत."

लवकर. सकाळपासून तिथे माझ्याच हातचा अठरा होता. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी ती कुणा दुसऱ्यावर काढायची सोय नव्हती.

ड्रॉवरमधली वही काढली आणि तशीच कार्यालयात गेले. साहेबांच्या टेबलावर वही आणि आजींचा तक्ता ठेवला. बाईंचे बारा तासही मीच केले, हे सांगितलं. त्यांनी पानं उलटली, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"याने कुणाकुणाची नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. पहिली माझी लिहा."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "पाच वर्षांत यातला तुमचा स्वतःचा अभ्यास किती तासांचा?"

"तास नाही, साहेब," मी म्हणाले. "एक मिनिट. आज दुपारी केलं."