फाट्यावरची पारूमावशी

फोन आला तेव्हा मी बीडला प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसले होते. आवाज बंद करून ठेवलेला फोन मांडीवर थरथरला. आमच्या मुख्याध्यापकांचं नाव दिसलं आणि मी बाहेर व्हरांड्यात आले. सर एवढंच म्हणाले, "बाई, पारूबाईला उडवलं." मला वाटलं, हातपाय मोडला असेल. त्यांनी पुढं काही सांगायच्या आत मागून कुणाचा तरी ओरडण्याचा, काच फुटल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. तिला इथंच आणतील म्हणून मी सरकारी दवाखान्याकडं निघाले. ती पोचायच्या आधी मी पोचले होते. गेटापाशी उभी राहून मी येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघत होते... शेवटी एक पिकअप आत शिरली. मागं गोणपाटावर ती झोपलेली होती, आणि सोबतच्या बायकांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की आता घाई करायचं काही कारण उरलेलं नाही.

पार्वती अंकुश हे तिचं हजेरीपुस्तकातलं नाव. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. पोरं तिला पारूमावशी म्हणत. मांजरसुंब्याहून नेकनूरकडं येताना एका वळणावर, वस्तीच्या फाट्यावर आमची शाळा आहे, फाटकातून बाहेर पाऊल टाकलं की थेट डांबरी. वस्ती रस्त्याच्या पलीकडं. म्हणजे सकाळी साठ-सत्तर लेकरं रस्ता ओलांडून येणार आणि संध्याकाळी ओलांडून जाणार. मी इथं बदलून आले तेव्हा ती नुकतीच चुलीपाशी लागली होती. त्याआधी पंधरा हंगाम तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडला होता. पोटाचं ऑपरेशन झालं, मोळी उचलवेना, तेव्हा कोयता सुटला. अंकुश मात्र दर दिवाळीनंतर टोळीबरोबर जायचा. स्वतःचं मूलबाळ तिला नव्हतं. ही गोष्ट ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारली नाही.

ती फार गोड बाई होती असं मी लिहिणार नाही. तोंडानं फटकळ होती. ताटात भात टाकून उठणाऱ्या पोराच्या पाठीत ती धपाटा घालायची. आम्हा शिक्षकांनाही ती सोडत नसे. उशिरा आलेल्या बाईला पाहून पातेल्यावर पळी वाजवायची, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरीत कोमल नावाची मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती चुलतीकडं राहायची. त्या दिवशी साडेदहाची घंटा झाली होती. कोमलला उशीर झाला म्हणून ती पळत सुटली. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डवर साउंड बसवलेले, त्यांवर गाणं इतकं मोठ्यानं चाललेलं की वर्गात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. कोमलनं ट्रॅक्टर जाऊ दिला आणि तो गेला असं समजून ती पुढं झाली. मागच्या ट्रॉल्या तिच्या लक्षात आल्या नाहीत. सात वर्षांचं लेकरू... ते ट्रॅक्टर बघतं, त्याच्या मागं काय ओढलं जातंय ते बघत नाही.

बायका किंचाळल्या. पोरं किंचाळली. ड्रायव्हरला काही ऐकू गेलं नाही. गाणं तसंच वाजत राहिलं आणि लांब जाऊन वळणाआड गेलं. पुढं मांजरसुंब्याला ढाब्यावर तो चहा प्यायला थांबला तेव्हा लोकांनी त्याला चाकाला लागलेली वेणीची रिबीन दाखवली म्हणे. ढाब्यावरच त्याला इतकं मारलं की त्याचा एक डोळा कायमचा गेला. ट्रॅक्टर पेटवून दिला. धूर आमच्या शाळेपर्यंत दिसत होता. इकडं पारू चुलीवरून तशीच धावत गेली होती. कोमलला तिनंच उचललं. मी पाहिलं, तिच्या लुगड्याचा पुढचा भाग सगळा लाल झाला होता आणि ती पोरीचा पाय शोधत होती. मला अजून त्या दृश्यापुढं काही आठवत नाही.

कोमल जागेवरच गेली होती. तिसऱ्या दिवशी शाळा भरली. पारूनं घरून कोयता आणला होता. मला वाटलं, सरपण फोडायला असेल. दहाच्या सुमारास पुन्हा ट्रॅक्टर आला. वेगळा ड्रायव्हर, साउंड तसाच. पारू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"मरायचं का ए बाई?"

"गाणं बंद कर."

"तुझ्या बापाचा रस्ता हाय का बे?"

पारू मडगार्डवर पाय देऊन वर चढली आणि साउंडवर कोयत्याचा घाव घातला. ऊस तोडणाऱ्या बाईचा हात तो. एका घावात खोका फाटला, दुसऱ्यात वायरी. गाणं अर्ध्यावर तुटलं. ती पलीकडच्या साउंडकडं वळत होती तेवढ्यात ड्रायव्हरनं मागून तिचे केस धरले आणि खाली ओढलं. ती डांबरावर तोंडावर पडली. मग त्यानं बुटाच्या लाथा घातल्या. पोटात, बरगडीत, पुन्हा पोटात, जिथं ऑपरेशनची शिवण होती तिथं. कोयता तिच्या हाताच्या अंतरावर पडला होता. तिला तो घेता आला असता. तिनं तो पायानं आणखी लांब ढकलला. नंतर तिनं सांगितलं, "हातात आला असता तर मी त्याला तोडला असता बाई. माझा मला भरवसा न्हवता."

आणि मी? मी शाळेचं फाटक आतून लावून घेतलं होतं. माझ्या मागं चाळीस पोरं रडत होती, माझी साडी ओढत होती. सर बीडला कार्यालयात गेलेले. मी गजांतून बघत उभी राहिले. वस्तीवरचे लोक धावत आले तेव्हा तो ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. पारू उठून बसली. दोन दात तिनं हातावर थुंकले, त्यांच्याकडं पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिले. फाटकापाशी येऊन म्हणाली, "उघडा बाई. खिचडी लागंल बुडाला."

त्या दिवशी पोरांना वेळेवर खिचडी मिळाली. ती तिनंच वाढली, तोंडाला फडकं बांधून.

ट्रॅक्टर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा होता. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांची गाडी दुपारी शाळेत आली. पांढरे कपडे, शांत आवाज. खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि मला म्हणाले, "बाई, तुमी तर वर्गावर असाल ना तवा. तुमी काय पाह्यलं न्हाई."

तो प्रश्न नव्हता. तरी मी उत्तर दिलं. "नाही," म्हणाले.

चौकीत तक्रार झाली ती पारूवर. गाडीचं नुकसान केलं म्हणून. दिवसभर तिला बाकावर बसवून ठेवलं. जबाब घेणाऱ्यानं विचारलं, पुन्हा असं करशील का? ती म्हणाली, "वाजवलं तर फोडीन. न वाजवता आला तर कावून फोडू?" हे मला तिथल्याच एका हवालदारानं सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही.

पुढच्या आठवड्यात एक गोष्ट घडली. सकाळी मी फळ्यावर तारीख लिहीत होते. लांबून ट्रॅक्टरचं गाणं ऐकू आलं आणि वळणाच्या अलीकडं ते एकदम थांबलं. फक्त इंजिनाचा आवाज शाळेवरून गेला. मग पुढं जाऊन गाणं पुन्हा सुरू झालं. दुसरा ट्रॅक्टर आला, त्यानंही तेच केलं. भीतीनं की लाजेनं, मला माहीत नाही. तेव्हापासून सहा हंगाम सकाळी दहा ते साडेदहा आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी ती रस्त्यावर असायची. कोयता पुन्हा कधी आणला नाही. शिव्या खाल्ल्या. एका जीपवाल्यानं अंगावर गाडी घातली तेव्हा तिचं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. पण त्या सहा वर्षांत आमच्या एकाही लेकराला त्या वळणावर ओरखडा उठला नाही.

माझ्या त्या "नाही"बद्दल ती वर्षभर काही बोलली नाही. एकदा दुपारी भांडी घासता घासता, मान वर न करता म्हणाली, "तुमी फाटक लावलं ते बरं केलं. लेकरं भाईर आली असती तर त्यांनाबी लागलं असतं. पण नानाला न्हाई म्हणलात ना बाई... ते लई लागलं. त्याच्या लाथंपरीस." मी काहीतरी बोलायला गेले. तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "जाऊ द्या. घंटा द्या आता."

शेवटच्या दिवशी मी तिथं नव्हते. जे झालं ते सरांनी सांगितलं. शाळा सुटली होती. तिनं ट्रॅक्टर थांबवला होता. मोठी पोरं पार झाली होती, पहिलीच्या दोघी उरल्या होत्या. मागून एक मोटारसायकल आली. ट्रॅक्टर कशासाठी थांबलाय हे न बघता ती बाजूनं काढली. पारूनं दोघींना मागं ढकललं. गाडी तिला घेऊन वीस-पंचवीस फूट घसरत गेली. चालवणारा पोरगा सतरा वर्षांचा, आमच्याच शाळेतून शिकून गेलेला. लायसन नाही, एका हातात फोन. सहा वर्षांपूर्वी फाटकाच्या आत माझी साडी धरून रडणाऱ्या पोरांत तोही होता.

वस्ती धावून आली. त्याला ओढत रस्त्यावर आणलं. काठ्या, चपला, दगड, ज्याच्या हाताला जे लागलं ते. त्याचं डोकं फुटलं. तो "मावशी, मावशी" ओरडत होता. कुणीतरी मोठा धोंडा दोन्ही हातांनी वर उचलला. सर म्हणाले, त्या गोंधळात रस्त्यावर पडलेल्या पारूचा आवाज कसा ऐकू आला ते त्यांना कळलं नाही, पण आला.

"त्याला नका मारू... गाडी फोडा त्याची."

क्षणभर सगळे थांबले. मग तो धोंडा मोटारसायकलच्या टाकीवर पडला. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनी, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं सुद्धा ती गाडी फोडली. दिवा, काच, चाकाच्या तारा, काही ठेवलं नाही. मला फोनवर ऐकू आला तो तोच आवाज. पोरगा वाचला. पारू दवाखान्याच्या वाटेवर, मांजरसुंबा मागं पडायच्या आत गेली.

अंकुश कारखान्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी आला. फडातूनच निघालेला, अंगावर पाचटाचे ओरखडे. मला बघून म्हणाला, "बाई, काय म्हणली हो ती शेवटी?" मी सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "गाडी फोडा म्हणली," तो स्वतःशीच म्हणाला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. मग त्यानं आपलंच डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. चौघांनी धरला तरी आवरेना.

दोन आठवड्यांनी सर म्हणाले, स्वयंपाकाच्या खोलीला चुना मारून घेऊ, नवी बाई येणार आहे. मी सामान हलवायला गेले. दार आतून लोटलं तर दाराआडच्या काळ्या भिंतीवर खडूनं आकडे लिहिलेले. वरपासून खालपर्यंत. पहिलीच्या पोरांसारखे वाकडे, काही उलटे. पारूला अक्षरओळख नव्हती. माझ्या मागं आलेली चौथीतली एक मुलगी म्हणाली, "गाड्यांचे नंबर हायत, बाई. जोरात जाणाऱ्या. मावशीला आकडे मीच शिकिवले." मी एकेक ओळ वाचत खाली आले. मधेच एका ओळीवर थांबले. तो आमच्या गाडीचा नंबर होता. बीडहून मला रोज सोडायला येणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या गाडीचा. आणखी खाली तो पुन्हा होता. मी उशीर झाला, उशीर झाला म्हणून त्यांना घाई करायची त्या दिवसांचा... पातेल्यावर पळी वाजवली, पण हे मात्र ती मला बोलली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. नानांचंही सांगितलं, जे सहा वर्षं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास लवकर निघालो. वळणाच्या आधीच मी गाडी थांबवायला लावली आणि उतरून चालत गेले. पलीकडं पोरं गोळा झालेली होती. पंधरा दिवस कधी कुणाचा बाप, कधी कुणाची आजी त्यांना पार करून देत होती. त्या दिवशी कुणीच नव्हतं.

मी पर्स खांद्याला अडकवली आणि रस्त्यात उतरले. समोरून ट्रॅक्टर येत होता. मी हात वर केला, डोळे डांबराकडं. ट्रॅक्टरचा वेग कमी होईना.

"बाई, तसं न्हाई," ती चौथीतली मुलगी पलीकडून ओरडली. "हात कोण बघतंय? मावशी डायवरच्या डोळ्यात बघायची. तो आपल्याकडं बघंस्तोर नजर काढायची न्हाई."

मी मान वर केली.