रस्त्यापलीकडची लेन्स

आमच्या गल्लीत लुआनभाऊंसारखा हट्टी माणूस दुसरा झाला नाही. तरुणपणी ते तलावाकाठी पर्यटकांचे फोटो काढून पोट भरायचे. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि धंदा बसला. मग माणसाने गपगुमान घरी बसावं की नाही? पण छे! सकाळ झाली की कॅमेरा गळ्यात अडकवून स्वारी गल्लीत हजर. बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, झाडाला आरसा टांगून बसलेला न्हावी, फुटपाथवरची माझी चहाची टपरी, सगळ्यांचे फोटो काढत हिंडायचे.

कॅमेऱ्याला लेन्स एकच, अठ्ठावीस मिलिमीटरची. तिच्यात अख्खी गल्ली मावते, पण चेहरा मोठा हवा असेल तर माणसाच्या अगदी अंगावर जावं लागतं. मी म्हणायचे, "भाऊ, जरा लांबून काढा की. माझ्या किटलीत पडाल."

"लांबून पाळत ठेवायला मी काय पोलीस आहे?" ते म्हणायचे.

त्यांची बायको थोआ माझ्या शेजारी चिकट भाताची टोपली घेऊन बसायची. तिचे तर त्यांनी किती फोटो काढले असतील! केळीच्या पानात भात बांधताना, गिऱ्हाइकाशी भांडताना, जांभई देताना. ती हाताने कॅमेरा ढकलायची आणि हसायची.

मग बुद्धिबळवाले तुओक आजोबा वारले. घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर ठेवायला फोटो नव्हता, म्हणून त्यांचा मुलगा लुआनभाऊंकडे आला. आमच्याकडे चेहऱ्याशिवाय देव्हारा म्हणजे उदबत्ती लावायची कुणापुढे? फोटो ढीगभर निघाले, पण सगळ्यांत गल्ली मोठी आणि आजोबा हरभऱ्याएवढे. मोठा करून छापला तर डोळ्यांच्या जागी नुसते डाग. लुआनभाऊंनी ते फार मनाला लावून घेतलं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून त्यांनी दोन लेन्स पारखायला आणल्या, पन्नासची आणि पंच्याऐंशीची; आकडा मोठा, तसं लांबचं जवळ दिसतं. माझ्या टपरीवर बसून आलटूनपालटून लावत राहिले. "पन्नासने चेहरा बरा येतो, पण माणूस सावध होतो," ते म्हणाले. पंच्याऐंशीची लावून रस्त्यापलीकडे गेले आणि खूश होऊन परतले. "तिथून कुणाला पत्ताच लागत नाही. चेहरा शांत येतो. देव्हाऱ्यावर शांतच हवा."

थोआ पान दुमडत म्हणाली, "बायको निवडताना एवढा वेळ लावला असता, तर मी सुटले असते."

पंच्याऐंशीची ठरली. गल्लीतल्या एकेका म्हाताऱ्याचा चेहरा त्यांनी रस्त्यापलीकडून टिपला, आणि छान टिपला. म्हातारी माणसं आपल्या वेळेला जायचीच, तशी ती गेली. पण लोकांच्या जिभेला हाड नाही. "यमाची दुर्बीण आली," म्हणत म्हाताऱ्या पानांच्या रुंद टोपीआड तोंड लपवू लागल्या.

त्याच सुमारास थोआला पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी हात टेकले. लुआनभाऊंना घोर एकच, गाल भरलेले आहेत तोवर तिचा चेहरा मिळायला हवा. तिने साफ नाही म्हटलं. "ती नळी माझ्यावर रोखाल तर उद्यापासून भात तुमचा तुम्ही शिजवा!"

तरी एका सकाळी ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. थोआने टोपलीवरून मान वर केली आणि कॅमेरा पाहिला. ती ओरडेल असं मला वाटलं. ती नुसती बघत राहिली. लुआनभाऊंनी बटण न दाबताच कॅमेरा खाली केला आणि रस्ता ओलांडून आले.

"मरणाची भीती नाही हो मला," ती हळू आवाजात म्हणाली. "पण जन्मभर माझ्या नाकासमोर नाचलात, आणि आता मी जाणार म्हटल्यावर तुम्ही आत्तापासूनच पलीकडे जाऊन उभे राहता?"

लुआनभाऊंनी ती लेन्स काढून बिस्किटाच्या डब्यात टाकली.

थोआ अंथरुणाला खिळली. मी तिला पेज भरवत होते तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारली. "काढा आता. पण इथून." हात लांब करून तिने त्यांचा कान धरला आणि जवळ ओढलं. अठ्ठावीसची लेन्स तिच्या तोंडापासून वीतभर असेल. वाळलेल्या तोंडाने ती हसली आणि त्यांनी बटण दाबलं. आठवड्याच्या आत ती गेली.

तोच फोटो देव्हाऱ्यावर लागला. मुलगी दिएप रडली, चिडली. "बाबा, आईचं नाक बटाट्याएवढं आलंय! लोक हसतील." फोटो छापणारा दुकानदार चांगला तरुणपणीचा चेहरा रेशमी पोशाखावर बसवून द्यायला तयार होता. लुआनभाऊ ऐकतील तर शपथ.

वर्षश्राद्धाला मी गेले. उदबत्ती हातात घेऊन देव्हाऱ्यापासून चार पावलं दूर उभी राहिले आणि मलाही वाटलं, दिएपचंच खरं. नाक मोठं, कान मागे गेलेले, खालून एक हात अंधुक पुढे आलेला.

"तिथून नाही, न्हानताई," लुआनभाऊ म्हणाले. "जवळ या. तिने मला ओढलं होतं तेवढ्या."

मी काचेपासून वीतभर अंतरावर गेले. धुराने डोळे चुरचुरले. आणि काय सांगू, नाक आपल्या जागी गेलं, गाल सरळ झाले. समोर आमची थोआ होती. तिचा हात माझ्या गालाजवळून मागे गेला होता, जणू माझाच कान धरून आता काहीतरी बोलेल. मी हमसून हमसून रडले.

डोळे पुसून मी विचारलं, "आणि भाऊ, तुमचा फोटो काढून ठेवलाय का?"

त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला आणि पंच्याऐंशीची लेन्स माझ्या हातावर ठेवली.

"माझा हिनेच काढा. रस्त्यापलीकडून," ते म्हणाले. "माझा कान धरून जवळ ओढणारं आता कोण आहे?"