मानेतली बारीक रेघ

स्कॅन पाहताना ते आधी स्वतःचीच मान उजवीकडे कलती करायचे. मग म्हणायचे, "म्याडम, एका बाजूनं मानूस दिसत नाई."

आमच्या रुग्णालयात ते सीटी स्कॅन काढायचे. राजुऱ्याचे, वडील शिंपी. सगळे त्यांना भाऊच म्हणत. मागून मिळालं नाही तर स्वतः करून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यांतले ते. मशीनच्या जुन्या कॉम्प्युटरवर शरीराचे फक्त आडवे काप दिसत. भाऊंनी दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात तीन खिडक्या: आडवं, समोरून, बाजूनं. इंग्रजी जेमतेम. तरी एकेक बटण दाबून, काय झालं ते वहीत मराठीत लिहून ते शिकले.

"काऊन एवढी कटकट करता, भाऊ?" शिपाई विचारायचा.

"दिसते तं पाहाच लागते ना."

मी तेव्हा नवी डॉक्टर होते. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतले एक शेतकरी धानाच्या पुंजण्यावरून, पेंढ्यांच्या उंच ढिगावरून, पडून आले. मान दुखत होती. मी आडवे काप पाहिले. काही दिसलं नाही. बाहेर रांग लागलेली. आल्या आल्या बांधलेला मानेचा पट्टा काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं.

थोड्या वेळानं भाऊ दारात उभे. "म्याडम, त्याले थांबवा."

"मी पाहिलंय, भाऊ."

"आडवं पाह्यलं. उभं नाई पाह्यलं. चाला."

मी चिडतच गेले. बाजूनं दाखवणाऱ्या खिडकीत मानेच्या दुसऱ्या मणक्यातून एक बारीक काळी रेघ आरपार गेली होती. चीर आडवीच, म्हणून आडव्या कापांत लपलेली. मणका सरकून मज्जारज्जू चिरडायला गाडीचा एक हिसका पुरेसा होता. वळून पाहते तर भाऊ फाटकाकडे धावत सुटलेले.

शेतकरी जीपमध्ये बसले होते. भाऊ जीपसमोर हात पसरून उभे राहिले. गाडी बंद झाल्यावर आत शिरले, दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. "दादा, हिलना मत. बिलकुल नहीं." स्ट्रेचर येऊन पट्टा बांधेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

नागपूरला ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी ते गृहस्थ स्वतःच्या पायांनी भेटायला आले. चूक माझी होती, हे मी त्यांना सांगितलं. ते गेल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "आता तिन्ही पाहता ना? झालं तं."

गेल्या वर्षी भाऊंची बदली झाली, पार तेलंगणाच्या सीमेकडे. तिथल्या लहान रुग्णालयात सीटी मशीनच नाही. माणूस खचला असेल, म्हणून मी फोन केला.

"मशीन मागून राह्यलो," ते म्हणाले. "चार अर्ज झाले."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"कसं नाई भेटन? खोली मोजून ठेवली म्या. बराबर मावते."