ह्यांना विस्तव देऊ नका

मी देवभोळी कमी आणि भित्री जास्त. देवीपुढे हात जोडते तेही बहुतेक भीतीनेच. म्हणून हे सांगताना संकोच वाटतो. ज्यांची भक्ती खरी त्यांना असे अनुभव यावेत, माझ्यासारखीला कशाला? पण आला, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही तेव्हा उदगीरला राहायचो. लातूर जिल्हा नवाच झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, आणि त्यात दुष्काळ. आमचे हे मोंढ्यात मापाडी, म्हणजे बाजारात आलेलं धान्य तोलून देणारे. पण धान्यच येईना. दिवसभर रिकामं बसायचं आणि एका बिडीवर दुसरी पेटवायची, एवढंच काम उरलं. उजव्या पायाचा अंगठा आधी गार पडायला लागला, मग निळसर झाला, मग नखाच्या कडेला काळा. नांदेडच्या डॉक्टरांनी पाय हातात धरून नीट पाहिला आणि ह्यांच्याऐवजी माझ्याकडे बघून सांगितलं, की बिडीने पायाच्या शिरा बंद होत चालल्यात. अशीच ओढत राहिले तर अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय कापावा लागेल. परत येताना हे गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या पायाकडे. अजून चाळिशीलाही आले नव्हते.

घरी आल्या आल्या मी काडेपेटी उचलून नालीत फेकली. काडीच नसेल तर बिडी पेटणार कशी, असा माझा सरळ विचार. मग गल्लीत घरोघर सांगून आले, ह्यांना विस्तव देऊ नका, हातापाया पडले तरी देऊ नका. कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही दम भरला. लोक हसले. हे हसले नाहीत, मान खाली घालून बसले. पण मग चूल कशावर पेटवायची? आमच्या देव्हाऱ्यात माहूरच्या रेणुकाआईचा टाक आहे. तिच्यापुढचा दिवा मी अखंड तेवत ठेवू लागले आणि त्याच्यावर कागदाची सुरळी पेटवून चूल लावू लागले. आई जणू माझी पहारेकरीण. त्या दिव्याला हे हात लावणार नाहीत, एवढी एकच खात्री मला होती.

ते दिवस फार वाईट गेले. ह्यांना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, बडीशेप चघळतानाही बोटं बिडी धरल्यासारखीच. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं आणि म्हणाले, "तू बायको हायस का फौजदार?" रोज सकाळी त्यांच्या पायावर पाणी घालायच्या निमित्ताने अंगठा बघायची, आणि त्यांची पाठ वळली की सदरा हुंगायची. शेजारच्या चुलीचा धूर आला तरी काळजात धस्स व्हायचं. डोळ्यांसमोर सारखा एकच पाय असलेला माणूस यायचा, आणि त्याचं तोंड ह्यांचं असायचं.

एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी टँकर आला. मी घागर घेऊन पळाले. नंबर जवळ आला आणि मला एकाएकी काय झालं कुणास ठाऊक. आतून कुणीतरी म्हणत होतं, घरी जा. त्या दिवसांत पाण्याचा नंबर सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तरी रिकामी घागर घेऊन मी माघारी आले.

आमच्या उंबऱ्यावर एक अनोळखी म्हातारी बसली होती, हातात आमचा तांब्या. हे तिच्यासमोर भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक, आणि मांडीवर एक बिडी. न पेटवलेली. आत देव्हाऱ्यातला दिवा विझलेला. मी घागर दारातच टाकली.

"आधी खाली बैस," हे म्हणाले, आणि त्यांनीच सगळं सांगितलं. पत्र्याच्या सांदीत एक बिडी लपवून ठेवलेली होती. "लई झालं गं मला. दिव्यापाशी वाकलो. बिडी वातीला लावणार, तेवढ्यात दारातून हाक आली, बाळा, पाणी हाय का? मी दचकलो अन् धक्क्यानं दिवाच कलंडला."

घरात होतं नव्हतं तेवढं पाणी ह्यांनी तिला दिलं. म्हातारी मुदखेडकडची, लेकीकडे निघालेली आणि गल्ली चुकलेली. पाणी पिऊन उठावं की नाही! बसलीच. आटलेल्या विहिरीचं सांगितलं, विकलेल्या शेळ्यांचं सांगितलं, लेकीच्या बाळाचं सांगितलं. ह्यांनी शेवटी न राहवून तिलाच काडी मागितली. तर म्हणे, "माझ्यापाशी कुठली काडी? मी पाणी मागत फिरून राहिले, अन् तू विस्तव मागून राहिलास व्हय!" आणि खुदकन हसली. हेही हसले, कितीतरी दिवसांनी. बोलता बोलता तलफ कधी उतरली ते त्यांनाही कळलं नाही.

म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला, "येते माय" म्हणाली, आणि मी तिला वाटेला लावून आले. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. लेकीचं घर खरोखरच मागच्या गल्लीत होतं. पण ती आमच्याच दारी आणि नेमकी तेव्हाच का आली, हे मला आजही माहीत नाही.

मी परत आले तेव्हा ह्यांनी बिडी कुस्करून उकिरड्यावर टाकली होती. "दिवा लावाया पाहिजे," म्हणाले. "मी आणतो विस्तव."

माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. सांदीत आणखी एखादी असली तर? वाटेत कुणी दिली तर? पण तोवर हे लंगडत शेजारी मुमताजभाबीच्या दारात पोचलेही. भिंतीपलीकडून भाबीचा आवाज आला, "भाबी, भाईसाब आग मंगरे. देऊं क्या?"

सगळ्या गल्लीला बजावलेलं मीच, तेव्हा उत्तरही मलाच द्यायचं होतं. हे पलीकडे मुकाट उभे असतील, मान खाली घालून, हे मला भिंतीआडूनही दिसत होतं. मी विझलेल्या वातीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आई, माझ्याच्यानं आता होत नाही, तूच सांभाळ.

"द्या भाबी," मी ओरडून सांगितलं.

खापरात दोन निखारे घेऊन हे थेट घरात आले. दिव्यात तेल घातलं, निखाऱ्यावर कागद धरून फुंकरीने जाळ केला आणि स्वतःच्या हाताने वात लावली. मग तिथेच बसून रडले. मीही रडले, पण ते रडणं भीतीचं नव्हतं.

अंगठ्याचं नख गेलं, पाय राहिला. त्याबद्दल आईचे उपकार मानायला मी बसते खरी, पण मला नीट शब्द सापडत नाहीत. तिच्याकडे काही मागणं मात्र बंद झालं. भित्री मी अजूनही आहे. फक्त हे बाहेर निघाले की आता त्यांना कुठे जाता म्हणून विचारत नाही.