पेपरावर शिकवलेली कुत्री

पुण्याजवळ भुकूमला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. 'आमचा' हा शब्द कागदोपत्री बरोबर आहे, कारण खरेदीखतावर दोघांची नावं आहेत. राहतो मात्र मी एकटा. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको बंगळूरला गेली ती तीन महिन्यांसाठी. मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, बाळाला पाळणाघरात ठेवायला कोणाचं मन होईना, आणि मुक्काम वाढत गेला. आता नात चालते, बोलते. आमच्यात भांडण नाही. रोज संध्याकाळी फोन येतो. त्यात कुकरची शिट्टी, नातीचं रडणं, जावयाचं कोणाशी तरी बोलणं, सगळं ऐकू येतं. माझ्या बाजूने तिला ऐकू जाण्यासारखं काही नसायचं.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. एखादा सुटा भाग बनवायला साहित्य किती, वेळ किती, वाया किती गेलं, हे काढायचं काम. ती सवय घरीही सुटत नाही. तीन खोल्यांपैकी वापरात एक. दूध अर्धा लिटर आणलं तर त्यातलं निम्मं नासतं.

दिवाळीनंतर नवा इंद्रायणी तांदूळ मी कासार आंबोलीच्या एका शेतकऱ्याच्या घरून आणतो. दरवर्षी एक पोतं घ्यायचो. त्या वर्षी म्हटलं, दहा किलो द्या.

"एवढाच?" शेतकऱ्याची बायको म्हणाली. तिला मी वहिनी म्हणतो.

"एकटाच आहे मी."

"अजून आल्या न्हाईत व्हय?" असं विचारून ती गोठ्याकडे गेली आणि येताना तांबूस रंगाचं एक पिल्लू घेऊन आली. त्यांची कुत्री व्यायली होती, बाकीची पिल्लं लोकांनी नेली होती, ही एक मादी म्हणून मागे राहिली होती. वहिनीने तिला सरळ माझ्या गाडीत तांदळाच्या पिशवीशेजारी ठेवलं. "न्या भाऊ. घरात तेवढीच जाग राहील."

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पिल्लू पिशवीवर हनुवटी टेकून झोपलं, आणि ते राहून गेलं.

तिला नाव ठेवलं नाही. हाक मारायला घरात दुसरं कोणी नसलं की नावाची गरज पडत नाही. "ए" म्हटलं तरी ती यायची.

आमच्या इमारतीची जमीन मूळची गावातल्या एका जुन्या घराण्याची. त्या घराण्यातले आबा पहिल्या मजल्यावर राहतात. जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले, आणि सोसायटीचे चेअरमनही तेच. अंगात बंडी, पायात चपला नाहीत, आणि पार्किंगमध्ये खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर. त्यांनी पहिल्याच दिवशी मला अडवलं.

"साहेब, हे काय धरलंय?"

"कुत्र्याचं पिल्लू आहे, आबा."

"त्ये दिसतंय. चौथ्या माळ्यावर कुत्रं कशाची राखण करणार हाय?"

मी पिल्लू घेऊन वर गेलो.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. तिला खाली नेण्यासाठी मी लिफ्टमध्ये घेतलं. लिफ्ट हलताना जो गचका बसतो त्याला ती घाबरली आणि तिथेच सगळं उरकलं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तिथल्या बाई पूजेचं ताट घेऊन देवळात निघाल्या होत्या. त्या लिफ्टमध्ये न येता जिन्याने गेल्या. मी लिफ्ट दोनदा फिनेलने पुसून काढली, तरी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आलाच.

रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. कुत्रं ठेवू द्यायचं की नाही यावर बराच वेळ गोल गोल बोलणं चाललं. मला गोल बोलणं सहन होत नाही. मी उभा राहिलो आणि स्वतःच अट मांडली : इमारतीच्या सामाईक जागेत तिने पुन्हा घाण केली, तर मी तिला कासार आंबोलीला नेऊन सोडीन. आबांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि बैठक संपवली.

म्हणजे आता ती राहणार की जाणार, हे माझ्या शिकवण्यावर होतं.

पौड रस्त्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत तिला बाहेरच्या मातीवर नेऊ नका, आजार लागतो. तोवर घरातच पेपरवर शिकवा. मला हे पटलं. पद्धत ठरलेली होती. झोपून उठली, खाणं झालं किंवा खेळून थांबली की तिला उचलायचं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या ड्राय बाल्कनीत पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवायचं. पेपरावर झालं तर "शाब्बास" म्हणायचं आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. भलतीकडे झालं तर ओरडायचं नाही, मुकाट्याने पुसायचं. दुपारी कारखान्यातून जेवायच्या सुट्टीत घरी येऊ लागलो. बायको बंगळूरला गेल्यापासून मी कारखान्यातच डबा खात होतो, कारण दुपारी घरी यावं असं काही नव्हतं.

सुरुवातीला तिने फरशी, पायपुसणं आणि माझी चादर या तिन्ही ठिकाणी प्रयोग करून पाहिले. मग तिच्या लक्षात आलं. एका सकाळी ती माझ्या पायाशी येऊन कुईं करत उभी राहिली, बाल्कनीच्या दाराशी गेली, मागे वळून पाहिलं. मी पेपर पसरला. तिने एक फेरी मारली आणि बरोबर मधोमध बसली. मी शाब्बास म्हटलं. त्या घरात कोणाला तरी मोठ्याने काही म्हणण्याची ती दिवसातली पहिली वेळ होती.

संध्याकाळी बायकोला फोनवर सांगितलं.

"अहो, बरं झालं," ती म्हणाली. "सोफ्यावर चढते का?"

"चढते."

"चढवू नका. मी आल्यावर मला ते चालायचं नाही."

"कधी येणार आहेस?"

"बघू ना. हिचा खोकला बरा होऊ दे." मग नातीने फोन ओढून घेतला आणि मला "भूभू, भूभू" ऐकवलं. कुत्रीने कान टवकारले.

माझ्याकडचे पेपर संपले. मी एकच वर्तमानपत्र घेतो आणि तिला दिवसाला तेवढं पुरेना. आबांच्या घरी रद्दीचा ढीग असतो, तो मागायला गेलो.

"कुत्री वाचाय लागली का काय?" त्यांनी विचारलं.

"वाचत नाही, आबा. त्यावर बसते."

"मग आमच्या घरातल्यांपरीस शानी हाय," असं म्हणून त्यांनी गठ्ठा दिला. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलले.

जानेवारीत तिची इंजेक्शनं पूर्ण झाली. सव्वीस जानेवारीच्या सकाळी झेंडावंदनाला मी तिला पट्टा बांधून खाली नेलं. लिफ्टने नाही, जिन्याने. मला खात्री होती. घरात कितीतरी दिवसांत एकही चूक झाली नव्हती आणि निघण्यापूर्वी तिचं सगळं आटोपलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला तिला लोकांत मिरवायचं होतं. एरवी मी झेंडावंदनाला मागच्या रांगेत उभा राहून, राष्ट्रगीत संपलं की वर जायचो. त्या दिवशी पोरं भोवती जमली. चावते का, काय खाते, हिचं नाव काय, असं विचारू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीही लांबूनच, पण "मोठी झाली की" असं म्हटलं. मी वर न जाता थांबलो.

झेंडावंदनानंतर आबांच्या घरून भेळभत्ता असतो. इकडची ही जुनी रीत. बैठक असो, श्रमदान असो, शेवट भेळभत्त्याने. ताटल्या नाहीत, वाट्या नाहीत. जमिनीवर वर्तमानपत्रं जोडून लांबलचक पसरायची, त्यावर चुरमुरे, फरसाण, चिरलेला कांदा ओतायचा, हिरव्या मिरच्या टाकायच्या, आणि दोन्ही बाजूंनी मांडी घालून सगळ्यांनी एकाच ढिगातून खायचं. आबांच्या सुनांनी पार्किंगमध्ये पेपर पसरायला घेतले. मी तेव्हा एकाला डॉक्टरचा पत्ता सांगत होतो. पट्टा हातात सैल होता.

घरात पेपर पसरला गेला की त्याचा एकच अर्थ होता, आणि तो मीच तिला शिकवला होता. कागदाची सळसळ ऐकताच ती निघाली. लोक पेपरच्या कडेने बसू लागले होते. त्यांच्यामधून ती शांतपणे आत गेली, एक फेरी मारली, बरोबर मधोमध बसली आणि मोकळी झाली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी मोठ्याने म्हणालो, "शाब्बास."

तोंडातून निघून गेलं. हातसुद्धा अंड्याच्या तुकड्यासाठी खिशात गेला होता.

चुरमुऱ्यांचं पोतं उचलून धरलेली आबांची थोरली सून तशीच उभी राहिली. मग एकजण म्हणाला, "शाब्बास म्हणतायत बघा हे." कोणी हसलं, कोणी उठून हात झटकले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अट तुम्हीच घातली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

तिने काही चूक केली नाही, जे शिकवलं तेच केलं, हे समजावून सांगावं असं मला वाटलं. पण अटीत चूक कोणाची असा शब्द नव्हता. सामाईक जागा होती, घाण झाली होती. मी पेपर गोळा केले, फरशी धुतली. आबा खुर्चीवर बसून बघत होते. दुपारच्या आत मी तिला गाडीत घालून निघालो.

वहिनी अंगणात होती. मी सगळं सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली. "ऱ्हाऊ द्या हितं. मोकळ्या रानात सुखानं वाढंल," ती म्हणाली. पिल्लाच्या आईने पिल्लाला हुंगलं आणि अंगावर गुरगुरून लांब केलं. गाडी सुरू केली तेव्हा माझी कुत्री पेंढ्याच्या गंजीपाशी उभी होती. पाठीमागे धावत वगैरे आली नाही. तिला वाटलं असावं की मी दुपारच्या कामाला चाललो आहे.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मी काही सांगितलं नाही. "आज कुत्रीचा आवाज नाही?" तिने विचारलं. झोपली आहे म्हटलं. नंतर सवयीने अंडं उकडत ठेवलं होतं ते गॅस बंद करून तसंच पाण्यात राहू दिलं.

सकाळी कामावर निघताना वहिनीचा फोन.

"भाऊ, ही मुतंना."

"म्हणजे?"

"कालपास्नं न्हाई. एवढं रान मोकळं पडलंय, माती हाय, गवात हाय, ही नुसती गोल फिरतीया आन रडतीया. पोट टम्म झालंय. दुखतंय का काय तिचं?"

"वहिनी, घरात वर्तमानपत्र आहे का?"

"पेपर कोण वाचतंय हितं?"

"कुठलाही छापील कागद चालेल. जमिनीवर पसरा आणि बाजूला व्हा."

तिने फोन बंद न करता तसाच कुठेतरी ठेवला. कोंबड्या ऐकू येत होत्या, ट्रॅक्टर ऐकू येत होता. अर्धवट ओढलेल्या दारात मी किल्ली धरून उभा होतो. मग वहिनीचं हसू आलं, आधी लांबून, मग जवळ.

"गेली बया. किराण्याच्या पुडीचा कागद टाकला, त्याच्यावर गेली. लई वेळ गेली." मग ती म्हणाली, "या आन घेऊन जा हिला. माझ्याच्यानं रोजचा पेपर लावणं व्हायचं न्हाई. आन शाब्बास तर मी न्हाईच म्हणायची."

मी कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा कळवली. इतक्या वर्षांत आदल्या दिवशी न कळवता मी कधी रजा घेतली नव्हती, आणि ही तर निघता निघता मागितली. साहेबांनी कारण विचारलं, मी घरगुती म्हटलं.

तिला घेऊन परत आलो तेव्हा आबा खुर्चीवर होतेच. मी गाडीतून उतरलो, तिला उतरवलं नाही. आधी बोलून घ्यावं म्हटलं. शेतावर काय झालं ते सांगितलं. अट मोडायची माझी इच्छा नाही, पण आता मी तिला रोज समोरच्या मोकळ्या जागेत नेईन, तिथे मातीवर पेपर टाकीन, आणि तो रोज थोडा लहान करत जाईन, शेवटी माती उरेल. त्याला वेळ लागेल. तोवर तिला राहू द्यावं, अशी विनंती केली.

आबांनी पाय खाजवला. "तुमी काय म्हणला व्हता? नेऊन सोडीन. व्हय ना?"

"हो."

"सोडली का न्हाई?"

"सोडली."

"मग झालं की. परत आणायची न्हाई असं कुणी म्हणलं व्हतं?" त्यांनी गाडीच्या काचेतून आत पाहिलं. "तुमी साहेब हिशेबाला लई पक्के, पर बोलताना अर्धंच बोलता. फकस्त एक सांगा. आमी पेपर पसरायच्या आदी तुमाला फोन करायचा का?"

"करा," मी म्हटलं.

मला वाटलं, त्यांनी थट्टा केली. पण त्यांनी ग्रुपवर तसं टाकलं आणि लोक खरोखर फोन करू लागले. जे कधी फोन करत नव्हते ते. एकाने घराला रंग द्यायच्या आधी केला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या आधी केला. "आम्ही पेपर पसरतोय हं, सांभाळा," एवढंच बोलतात. माझा फोन वाजला की कुत्री कान टवकारते. मी बरं म्हणतो, दार लावलंय ना ते बघतो. कधी कोणी पुढे म्हणतं, तुम्हीही या ना भेळ खायला. येतो म्हणतो. कधी जातो. बहुतेक वेळा तिला एकटी ठेवायला नको म्हणून वरच थांबतो.